उशिरा टेकणारं पाऊल

डोळे मिटून उभा राहिलेला पुरुष चांगुणाने आजवर दोनच ठिकाणी पाहिला होता — देवळात, नाहीतर गुत्त्याच्या भिंतीला टेकलेला. पण भल्या सकाळी, मुलींच्या शाळेच्या पटांगणात, जानेवारीच्या कडाक्यात, आणि तोही अनवाणी? ती फाटकातच थबकली. काखेत शिवणाच्या तासाचं कापडाचं गाठोडं, डोक्यात नको नको ते विचार. चोर म्हणावा तर चोर असा पटांगणाच्या मधोमध उभा राहत नाही. वेडा म्हणावा तर सदरा चांगला इस्त्रीचा.

पारनेरात सकाळी सातला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. ती भिंतीच्या कडेकडेने, आवाज न करता निघाली. दहा पावलं गेली असेल नसेल…

"नमस्कार, ठुबे बाई." त्याने डोळे उघडलेच नव्हते.

चांगुणा गर्रकन वळली. "माझं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पावलांनी." आता त्याने डोळे उघडले. हसरे होते, आणि हसरे होते म्हणूनच तिला जास्त संशय आला. "डावं जरा उशिरा टेकतं तुमचं. ऐकायला बरं वाटतं."

आता तुम्हीच सांगा, पहिल्या भेटीत तरण्याताठ्या बाईशी असं कुणी बोलतं? रूपाबद्दल काही बोलला असता तर तिने पायातली चप्पल हातात घेतली असती आणि विषय संपला असता. पण हा मेला थेट त्या पायावरच आला! लांब निऱ्या सोडून, हळू चालून, सगळ्यांच्या मागे राहून तिने ज्या पायावर पांघरूण घातलं होतं, नेमका त्याच पायावर.

"बरं वाटतं म्हणून दुसऱ्याची पावलं ऐकत उभं राहायचं नसतं," ती म्हणाली आणि ताडताड निघून गेली. ताडताड म्हणजे… जमेल तेवढं ताडताड.

तासाभरात उलगडा झाला. मुख्याध्यापिका फिलोमिनाबाई, ज्यांना सगळी शाळा 'मोठ्या बाई' म्हणे, त्यांनी ओळख करून दिली. हा सूर्यभान सुरवसे. नवा कवायतीचा शिक्षक. सव्वीस जानेवारीला तहसील कचेरीपुढं शाळेच्या चाळीस मुली लेझीम खेळणार होत्या, ती हा बसवणार होता. तो गेल्यावर मोठ्या बाईंनी दार लोटलं.

"माणूस तरुण आहे आणि शाळा मुलींची आहे. रोज सकाळी सरावाला तू तिथं बसायचंस. भरतकाम कर, विणकाम कर, पण डोळे त्यांच्यावर."

चांगुणाला आणखी काय हवं होतं? संशय तर तिला आलाच होता, आता त्यावर शाळेचा शिक्काही बसला.

दुसऱ्या दिवसापासून ती लिंबाखाली स्टूल टाकून बसू लागली. आणि पाहते तर काय, या माणसाने पहिली पंधरा मिनिटं मुलींना लेझमीला हातच लावू दिला नाही. चाळीस मुली परकर सावरत, चपला काढून, डोळे मिटून उभ्या.

"तळव्यांना विचारा, माती कशी आहे? टाचेखाली गार आहे की बोटांखाली?" तो रांगांमधून हळू फिरत होता. "वजन कुठल्या पायावर टाकलंय? कुणी श्वास धरून ठेवलाय का? सोडा. तो काही पळून जात नाही."

मुली फिदीफिदी हसल्या. मग हळूहळू गप्प झाल्या. एक जण आश्चर्याने म्हणाली, "सर, माझे खांदे वर चढलेत… मला आत्ता कळलं." त्यांना आजवर अंगाबद्दल दोनच गोष्टी सांगितल्या गेल्या होत्या — खाली बघून चाल आणि पदर सावर. कुणी विचारलं नव्हतं की बाई गं, तुझा पाय कसा आहे?

हे चांगुणाला मनातून पटलं. पण पटलं म्हणून नजर काढायची नसते.

"बाई," तो जवळून जाताना म्हणाला, "सुई हातात आणि नजर माझ्यावर. बोटाला टोचेल."

"टोचलं तर माझं बोट आहे."

"तेच तर मुलींना शिकवतोय. बोट आपलं आहे म्हणून."

"आणि वहीत काय लिहिता सारखं?"

"पावलं."

"कुणाची?"

"सगळ्यांची," तो म्हणाला आणि वही मिटली. जरा जास्तच घाईने मिटली, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

एके दिवशी तिच्या स्टुलापुढं गोणपाटाची घडी ठेवलेली दिसली, जमीन गार म्हणून. तिने ती आधी दोनदा झटकली. विंचूबिंचू निघाला नाही. मग तिने पाय ठेवले. पलीकडून तो बघत होता आणि हसू दाबत होता. तिलाही हसू आलं, पण तिने ते भरतकामात घातलं.

तिचा संशय उगाच नव्हता बरं का. सात वर्षांची असताना चांगुणा बैलगाडीतून पडली होती. हाडवैद्याने पाय बांधला, हाड जुळलं, पण नखभर आखूड जुळलं. तिला स्वतःला त्याचं फार दिवस काही वाटलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सुप्याचे पाहुणे बघायला आले, आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे म्हणाले, "बाळ, उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत चालून दाखव." ती चालली. एक म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पाय वढतीया." झालं. पुढची तीन स्थळं दारात न येताच फिरली. शेवटी तिने आईला सांगून टाकलं होतं, मी शिकवीन, राबीन, जन्मभर एकटी राहीन, पण पुन्हा कुणापुढं चालून दाखवणार नाही.

आणि हा सकाळ-संध्याकाळ लोकांची पावलं वहीत टिपतो!

तरीही एका संध्याकाळी, घरामागच्या खळ्यावर कुणी नाही असं बघून, तिने चपला काढल्या. डोळे मिटले. शेणाने सारवलेली जमीन गार होती, मऊ होती. उजवी टाच टेकली. डावी… डावी जरा अधांतरी राहिली, मग तीही टेकली. हा पाय तिला रोज मैलभर शाळेत नेत होता, मैलभर परत आणत होता. त्याने कधी कुरकूर केली नव्हती. आणि तिने त्याचा फक्त राग केला होता. तिला एकदम रडू फुटलं, आणि रडून झाल्यावर फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती सरावाला पंधरा मिनिटं लवकर गेली. का गेलो आपण, याचा तिला स्वतःचाच संशय आला.

"आज लवकर?" त्याने विचारलं.

"लक्ष ठेवायचं तर सुरुवातीपासून ठेवावं."

"ठेवा की. तुम्ही नसलात की मलाच चुकल्यासारखं होतं…" बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. चांगुणाने सुईत दोरा ओवायला घेतला. चार वेळा चुकला.

असे आठ-दहा दिवस गेले. आणि गुरुवारी संध्याकाळी तिच्या आईने, बनुबाईने, भाकरी थापता थापता बातमी सांगितली.

"चांगे, रैवारी पावनं येत्यात. खर्ड्याकडचं स्थळ हाय. पोरगा तलाठी हाय, सहादेव म्हनून. त्याचा बाप कारभारी पाटील मोठा मानूस हाय. आन् त्यांचा भाचा तुज्याच साळंत हाय म्हनं, कवायत शिकवतो. पोरीची चाल कशी हाय, ते त्यो बघून कळवनार हुता."

तव्यावरची भाकरी करपली तरी चांगुणाला वास आला नाही. पहिल्याच दिवशी नाव माहीत होतं ते असं! पावलं ऐकणं, वही, गोणपाट… सगळं एका माळेत ओवलं गेलं. डोळे मिटून उभा राहणारा बगळा तो. मासा टिपायलाच उभा होता.

तिला राग आला त्यापेक्षा दुःख जास्त झालं, आणि दुःख झालं याचा पुन्हा राग आला. आपण या माणसासाठी सकाळी लवकर उठत होतो!

शुक्रवारी ती मुद्दाम उशिरा गेली. फाटकाशीच लेझमीचा आवाज आला. पण आज ठेका वेगळा होता. छन्, छन्… आणि मग एक बारीकसा थांबा… छन्. तिने आत पाहिलं. चाळीस मुली उजवं पाऊल टाकत होत्या, डावं पाऊल हवेत क्षणभर रोखत होत्या आणि मग टेकवत होत्या. तिची चाल. तिची स्वतःची चाल, चाळीस वेळा.

ती सरळ रांगांमधून चालत गेली. "मुलींनो, वर्गात जा," ती म्हणाली. तिचा आवाज असा होता की एकीनेही का म्हणून विचारलं नाही. कट्ट्यावरची वही तिने उचलली. पानोपानी पावलांच्या आकृत्या, बाणांच्या खुणा. शेवटच्या पानावर: 'ठुबे बाई — डावं, अर्धी मात्रा उशिरा.'

"हे कारभारी पाटलांना पाठवायचंय ना?"

सूर्यभानचा चेहरा उतरला. गडबडला की त्याच्या तोंडी खर्ड्याची भाषा येई. "तुमाला… कळलं व्हय."

"पत्र लिहून पोट भरलं नाही? चाळीस पोरींकडून माझी नक्कल करून घेताय!"

"नक्कल न्हाई ती, बाई. ऐका तर… ऐकून मग काय मारायचं ते मारा." त्याने एकदा श्वास सोडला. "कारभारीमामांचं पत्र आलं हुतं, हे खरं हाय. शिवणाच्या ठुबे बाई, डाव्या पायात उणं हाय म्हनत्यात, खात्री करून कळव. पैल्या दिवशी ते खिशातच हुतं. म्हनून तर कान लावला. म्हनून तर वळखलं. खोटं कशाला बोलू?"

"मग कळवायचं होतंत. एका कार्डाचं काम."

"तीन कार्डं लिवली. तिन्ही फाडली."

"का?"

"चांगलं लिवलं तर तुमी सहादेवच्या घरात जानार." तो मातीकडे बघत म्हणाला. "आन् वाईट लिवलं तर… ते खोटं व्हईल."

चांगुणाला वाक्य कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तिचे कान तापले. पण एकदा मुरलेला संशय असा दोन वाक्यांत जात नाही.

"हे आजवर किती जणींना म्हणालात?"

"पाठ असतं तर एवढा अडखळलो असतो का?"

तो हळू आवाजात सांगू लागला. कबड्डीत त्याचा गुडघा मोडला होता, सहा महिने अंथरुणाला खिळला होता. मग एक एक पाऊल नव्याने शिकला. आपलं अंग आपल्याला दुखल्यावरच आठवतं, हे तेव्हा कळलं.

"पोरींची पावलं सारखी पडत हुती, पोलिसांच्या कवायतीवानी. तुमचं पाऊल एवढंसं थांबतं… मला त्या थांबण्याची वाट बघायची सवय लागली, बाई. लेझमीला तीच जागा पायजे हुती. पन तुमाला न विचारता घेतली. ते चुकलं. आजच काढून टाकतो."

"ठेवायचं का काढायचं ते मी सांगेन," चांगुणा म्हणाली. "पाय माझा आहे." मग तिने विचारलं, "रविवारी तुम्हीही येणार?"

"मामांनी संगं चल म्हनून निरोप धाडलाय."

"आणि येऊन काय करणार? चहा पिणार?"

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. वही त्याच्या हातात कोंबून ती वर्गाकडे निघाली. मनात म्हणाली, माझं पाऊल थांबतं म्हणून मला सांगणारा हा, याचं तोंड मामापुढं उघडतं की नाही ते बघू. उघडलं नाही, तर बोललेलं सगळं वाऱ्यावर गेलं असं समजायचं.

शनिवारी सरावाला ती आली, पण स्टुलावर बसली नाही. मुली जुन्या ठेक्यावर, सरळ पावलं टाकत होत्या. ती थोडा वेळ बघत राहिली. काहीतरी अळणी वाटत होतं. शेवटी तिने पदर खोचला, चपला काढल्या आणि रांगेपुढं जाऊन उभी राहिली.

"कालचं पाऊल घ्या. पण काल तुम्ही लंगडत होतात," ती मुलींना म्हणाली. "लंगडायचं नाही. थांबायचं. श्वास सोडायचा आणि मग टेकायचं. असं."

आणि तिने करून दाखवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, चाळीस जणींपुढं, कुणी न सांगता. सरावाला येणाऱ्या हलगीवाल्याने ठेका धरला. सूर्यभान बाजूला उभा राहून एकटक बघत होता. तिने एकदाच त्याच्याकडे पाहिलं, उद्या कळेल, अशा नजरेने.

रविवारी ठुब्यांच्या अंगणात घोंगड्या अंथरल्या. कारभारी पाटील फेटा सावरत मधोमध बसले. त्यांच्या एका बाजूला कडक कॉलरचा सहादेव, दुसऱ्या बाजूला सूर्यभान, मान खाली घालून. चांगुणाचे वडील आसारामतात्या घडोघडी उपरण्याने तोंड पुसत होते. हे स्थळ हातचं गेलं तर पुढचं येणार नाही, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. पोहे झाले. नाव विचारून झालं. शिक्षण विचारून झालं.

"बाळ," कारभारी पाटील म्हणाले, "जरा हुबी ऱ्हा. हिथून त्या गोठ्याच्या दारापत्तूर चालून दाव."

आसारामतात्यांनी नजर खाली घातली. चांगुणाने सूर्यभानकडे पाहिलं. तो घोंगडीची दशी बोटाला गुंडाळत होता. एक क्षण गेला. दुसरा गेला. नाही बोलला. वाटलंच होतं, ती मनात म्हणाली. ठीक आहे. तो नाही तर नाही, तिला तोंड होतं.

"चालते," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "पण आधी मुलाला चालून दाखवू द्या."

आत बनुबाईच्या हातून तांब्या निसटला.

"मी?" सहादेव उसळला. "मी काय बाजारातला बैल हाय का, चालून दावायला?"

बोलून गेला आणि मग त्यालाच ते ऐकू आलं. कुणी हसलं नाही. आसारामतात्यांनी मात्र मान वर केली आणि आपल्या मुलीकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहत राहिले.

"आसाराम," कारभारी पाटील खाकरले, "पोरगी लई शिकलीया तुमची."

आणि तेव्हा सूर्यभान उठला. "मामा, मुलगा चालायला तयार हाय. फकस्त… मुलगा बदलावा लागंल."

तो घोंगडीवरून उतरला आणि गोठ्याच्या दाराकडे चालू लागला. चाळीस मुलींना चालणं शिकवणारा माणूस, पण काय ते चालणं! ज्या बाजूचा पाय, त्याच बाजूचा हात पुढं. मध्येच खुंट्याला ठेचकाळला. गोठ्यातल्या खोंडाने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तसाच तो परत आला, घामाघूम, आणि आसारामतात्यांपुढं उभा राहिला.

"तात्या, माझं स्थळ विचारात घ्याल का?"

"भाच्या," कारभारी पाटलांचा आवाज चढला, "तुला बघून कळवायला सांगितलं हुतं."

"बघितलं की, मामा. कळवायला उशीर झाला, त्येवढी चूक झाली."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. रागवावं की हसावं ते त्यांना कळेना. सहादेव मात्र सुटल्यासारखा दिसला. बैलाचं वाक्य बोलून गेल्यापासून त्याला या अंगणातून कधी एकदा निघतो असं झालं होतं.

आसारामतात्या मुलीकडे वळले. "चांगे, तुजं काय म्हननं हाय?"

दोन वर्षांत इतकी स्थळं झाली, इतकी पत्रं गेली-आली, पण हे कुणी तिला विचारलं नव्हतं. चांगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलं नाही. आजवर तिला जसं बघितलं गेलं होतं, तसंच तिने सूर्यभानला डोक्यापासून पायापर्यंत सावकाश न्याहाळलं. तो बिचारा उन्हात उभा होता, हात कुठं ठेवावेत ते न कळून.

"श्वास धरून चालतात," ती म्हणाली. "उजवा खांदा वर चढतो. आणि भित्रे आहेत, तात्या. शेवटच्या घटकेपर्यंत तोंड उघडत नाहीत."

सूर्यभानची मान खाली गेली.

"पण उघडतात," ती म्हणाली. "मला पसंत आहेत."

मग ती उठली. चहा आणायचा होता. अंगणाच्या मधून, सगळ्यांच्या देखत, कुणी न सांगता ती चालत स्वयंपाकघराकडे गेली. तिच्या पावलांकडे बघत होता तो एकटा सूर्यभान, आणि आज त्या बघण्याला तिची हरकत नव्हती.